आठवडाभर गप्प

लाडक्या ताईस,

तुला नमस्कार, आईच्या पाया पडते.

मी बरी आहे. खोलीत छान ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? तू तिला गोळ्या देतेस ना? तिला इथपर्यंतच वाचून दाखव.

ज्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर मी इथे संशोधनाला आले, तिनेच या वस्तीला पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवून दिलंय. ते कितपत टिकेल, हा माझा विषय. गेल्या आठवड्यात त्या यंत्रातून नळाला येणारं पाणी तपासलं, तर त्यात शिसं निघालं. पुन्हा तपासलं, तेच! माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आधी संस्थेला कळू दे. तोवर चकार शब्द काढायचा नाही."

मी गप्प बसले गं. पण काल घरमालकिणीची सून बाळाची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवायला लागली आणि मी तिचा हात धरला. सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं.

आज सरांनी बोलावलं. "आता तुला परत पाठवतील," एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

घरी आले तर घरमालकीण दारातच उभी होती. म्हणाली, "तुला कधी कळलं होतं?"

"गेल्या आठवड्यात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मागे उभ्या सुनेच्या कडेवरचं बाळ घेतलं, आत गेली आणि हळूच दार लावून घेतलं.

ताई, परत आले तर तू तरी दारात काही विचारू नकोस.

तुझीच,
धाकटी