मंडल संपेपर्यंत

१७ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे
आजपासून. वेंकोबाचारांनी दिलेला श्री-कीर्तीचा मंत्र, एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस. संकल्पात स्पष्ट सांगितलं: प्रिन्सिपॉलची खुर्ची, आणि समाजाच्या वार्षिक सभेत सत्कार. शाल, फळांची परडी, डोक्यावर म्हैसूर पेटा. देवाशी मोघम बोलू नये. कॉमर्स शिकवतो, टर्म्स कळतात.
नरसीपूरला अण्णांना फोनवर सांगितलं. हसले. "पेटाच पाहिजे ना रे व्यासा? दसऱ्यात फूटपाथवर ढीग असतो. मी घेऊन येतो. सुम्ने उगाच कशाला गुडघे दुखवतोस?" सख्खा मोठा भाऊ, पण व्हिजन नाही.

२ मार्च, रविवार
माळ ओढताना झोप लागली. आचारांना विचारलं नाही. समाधीही असू शकते.
स्टाफरूममध्ये अजून कुणी काही बोलत नाही. पण न बोलण्याची पद्धत बदलली आहे.

११ मार्च, मंगळवार
अण्णांच्या किडनीचं पुन्हा निघालंय. इथे म्हैसूरच्या दवाखान्यात आणलं. वेदवती म्हणते, जाऊन या हो, आपल्या बोगादीहून अर्धा तास नाही. बायकोला माझा पॉइंट कळत नाही. दवाखान्यात शंभर प्रकारचा विटाळ. पॉवर लीक होते. अण्णांचं दुखणं जुनंच आहे. मंडल झालं की पहिला त्यांच्याकडेच. पेटा घालून.

१३ मार्च, गुरुवार
एकच रिस्क आहे, सुतक. कुणाचं काही बरंवाईट झालं (मी जनरल बोलतोय) तर दहा दिवस देवघर बंद. मंडल मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. पण शास्त्रात सोय आहे. सुतक लागतं ते ऐकल्यावर. कानावर आलंच नाही, तर नाही.
वेदवतीला बजावलं: मंडल संपेपर्यंत वाईट बातमी माझ्यापर्यंत आणायची नाही. मोबाइलही तिच्याकडेच दिला. ती म्हणाली, आयतु, बरं. झालं. या घरात माझं इतक्या लवकर कधी ऐकलं गेलं नव्हतं. मंत्राचं पहिलं फळ.

२२ मार्च, शनिवार
माळ हातात, आणि वेदवती फोन घेऊन दारात. अण्णा आहेत, दोन शब्द बोला. मी मान हलवून नको म्हटलं. तिने मुद्दाम स्पीकर लावला. "जप चाललाय? असू दे गं, उठवू नको त्याला." आवाज चांगला होता. थोडा बारीक. लाइनमुळे.
माळेत कुठवर आलो होतो ते विसरलो. पुन्हा सुरुवात.

२५ मार्च, मंगळवार
काल वेदवती दिवसभर घरी नव्हती. संध्याकाळी मागच्या दारानं आली, डोक्यावरून न्हाली, नेसत्या लुगड्यानिशी. विचारलं नाही. उन्हाळा सुरू झालाय.

२८ मार्च, शुक्रवार
वेदवती आता देवघराचा उंबरा ओलांडत नाही. फुलं, नैवेद्य, सगळं माझं मलाच. आदर म्हणतात तो हाच.
शेजारचे तिरुमलराव गेटशी थांबले, माझा हात धरला, आणि पुढे गेले. हेच गृहस्थ बारा वर्षं माझ्या स्कूटरला नावं ठेवत होते. कीर्ती लागू पडायला लागली.

३१ मार्च, युगादी पाडवा
दाराला तोरण नाही. पुरणाची होळिगे नाही. बेवु-बेल्ल, कडुनिंब-गूळसुद्धा नाही. ताटात भात आणि सार.
दर युगादीला अण्णांचा फोन येतो, "कडू आधी खा रे व्यासा, गूळ पळून जात नाही." आज आला नाही. मोबाइल वेदवतीकडे असतो. तिला विचारता आलं असतं.
डब्यातून गूळ काढून खाल्ला.

४ एप्रिल, शुक्रवार
अण्णांचा प्राणेश आला. डोकं गुळगुळीत. तिरुपती करून आलेला दिसतोय. लाडू आणला नाही, आजकालची मुलं. उद्या काकूला जेवायला न्यायचंय म्हणाला. ने म्हटलं. खुर्ची दिली तरी बसेना. "काका," म्हणाला, आणि पुढे काहीच म्हणाला नाही. म्हणून मीच त्याला जपाचे फायदे सांगितले. ऐकताना त्याचे डोळे भरून आले.
आज जपात मन लागलं नाही. उष्मा फार.

६ एप्रिल, रविवार
काल मंडल पूर्ण झालं.
आज सकाळी कॉफी झाल्यावर वेदवती समोर बसली आणि सांगितलं. अण्णा चोवीस तारखेला गेले. काल तेरावा झाला.
मी ओरडलो. इतके दिवस सांगितलं का नाहीस म्हटलं.
ती ओरडली नाही. म्हणाली, अण्णांनीच शपथ घातली होती. "त्याला कळवू नका गं, मंडल मोडेल. पेट्यासाठी बसलाय बिचारा. पण त्यानं विचारलं, तर खोटं सांगू नका."
मग म्हणाली, "रोज वाट बघितली हो. एकदा विचारलं असतंत."
वेंकोबाचारांना फोन केला. दहा दिवस उलटल्यावर ऐकलं, तर सुतक तीनच दिवस, म्हणाले. शास्त्रात सगळी सोय आहे.
कन्नड पेपरातली बातमी वेदवतीनं कापून ठेवली होती. अण्णांचा फोटो आहे, लग्नातला, पेटा घातलेला. खाली चार ओळी. पत्नी, एक मुलगा आणि अपार बंधुबळग, म्हणजे भाऊबंद-गणगोत, मागे ठेवून गेले.
पुन्हा वाचलं. अपार बंधुबळग.
त्यात मी.