महादेवाची प्रदक्षिणा आणि माझा डावा गुडघा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

परळी वैजनाथ,
ता. ३ डिसेंबर १९९५

तलवाड्याचे राजमान्य राजश्री राधाकिशनराव यांना शिवलिंगप्पाचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी एक अंग सध्या वाकत नाही, तरी सातांवर गोड मानून घ्यावे).

इकडे मल्लम्मा, केदारनाथ आणि सूनबाई वर्षाराणी खुशाल आहेत. तिकडे थंडीत गीतावहिनींचा दमा कसा आहे? अंगदचं लग्न ठरलं की अजून मुलींकडचे पोहेच खाताय? तुमची तब्येत विचारत नाही, ती उत्तमच असणार. दुसऱ्याला व्यायाम सांगणारा माणूस कधी आजारी पडलेला मी पाहिला नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला आलात तेव्हा भर दुकानात माझ्या पोटावर टिचकी मारून काय म्हणालात ते आठवतं ना? "अप्पा, हितं कापडाचा तागा गुंडाळून ठिवलाय का काय? रोज तासभर चालत जावा की!" गिऱ्हाइकं हसली, ते एक वेळ चाललं. पण आमचे चिरंजीव केदारनाथ तेवढ्यावरून सुरू झाले. आता बाजार खुला झाला, लोक उभ्याने खरेदी करतात, गादी काढू, काचेचं काउंटर करू, तुम्हाला फिरती खुर्ची घेऊ. मी तुमच्यादेखत ठणकावलं की माझ्या हयातीत या दुकानात खुर्ची येणार नाही. माझा आजा या गादीवर मांडी घालून बसला, बाप बसला, मी बसतो. हे ऐकायला तुम्ही होता, निम्मा बाजार होता. ही माझी पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तुमचं ऐकलं.

चालायचं कुठे? रस्त्यावर वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रका. शिवाय व्यापारी माणूस सकाळी रिकाम्या हाताने चालताना दिसला की चार जण अडवून विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? म्हणून मी आमच्या गल्लीतलं महादेवाचं देऊळ धरलं. व्यायाम होईल आणि पुण्यही पदरात पडेल, असा दुहेरी हिशोब (तुम्ही मला लोभी म्हणता ते काही उगीच नाही). रोज एक्कावन्न प्रदक्षिणा, अनवाणी, दुकान उघडायच्या आत, म्हणजे जवळजवळ पळतच. आता महादेवाची प्रदक्षिणा तुम्हाला ठाऊक आहे. तीर्थाची पन्हाळ ओलांडायची नाही. पन्हाळीपर्यंत जायचं, गर्रकन वळायचं, उलटं फिरून पलीकडून पन्हाळीपर्यंत यायचं, पुन्हा गर्रकन वळायचं. आठव्या दिवशी पन्हाळीपाशी गुडघ्यात कट्ट झालं. पुजाऱ्याला वाटलं नारळ फुटला.

मग उपचार. शेजारच्या सुभद्राबाईंनी एरंडाची पानं गरम करून बांधली. पायाची चामडी लाल झाली, गुडघा होता तिथेच. पंडित न्हाव्याने कसल्याशा तेलाने चोळलं, तेव्हा मांजर माझ्या मागे हिंडू लागलं. आडतीवरचा म्हाळू हमाल जुना पहिलवान. तो म्हणाला, "अप्पा, गुडगा आकडलाय. शंभर बैठका मारा, मोकळा न्हाई झाला तर नाव बदलीन." बत्तिसाव्या बैठकीला मी खालीच राहिलो, शेवटी म्हाळूनेच मला उचलून घरी आणलं. नाव त्याने अजून बदललेलं नाही.

हे सगळं केदारपासून चोरून, बरं का. त्याला कळलं की गादी गेलीच. तो विचारायचा, "अप्पा, पाय दुखतोय का?" मी म्हणायचो, "न्हाई, मुंग्या आल्यात." ऐन दिवाळीच्या गर्दीत उठताना आधाराला म्हणून टांगलेल्या साडीला हात घातला, तर आडव्या दांडीसकट अकरा साड्या माझ्या अंगावर आल्या. मी आतूनच ओरडलो की नवा माल दाखवतोय. केदार साड्या उचलून घड्या घालत बसला.

शेवटी सुताच्या चौकशीचं निमित्त सांगून अंबाजोगाईला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, व्यायाम कसा करता ते दाखवा. मी त्यांच्या टेबलाला प्रदक्षिणा सुरू केली, वजनकाट्याला पन्हाळ धरून. दुसऱ्याच वळणाला त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, गुडघा ही दाराची बिजागरी आहे, उघडते-मिटते, गरगर फिरत नाही. पाऊल दगडावर रोवून तुम्ही अंग फिरवता, दिवसाला शंभर वेळा, त्यात हे पोट, त्यात दिवसभर मांडी घालून बसून मांड्यांत जोर राहिलेला नाही. वर बैठका! (बैठकांचं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.) प्रदक्षिणा बंद, बैठका बंद. फडक्यात बर्फ बांधून पंधरा मिनिटं शेक. सूज उतरली की पडल्या पडल्या पाय सरळ ठेवून वर उचलायचा, मांडी आवळून धरायची. मग बूट घालून सपाट जमिनीवर सरळ चालायचं, हळूहळू वाढवत. गुडघा सुजला किंवा अडकला तर लगेच दाखवायला यायचं. मारुतीला पुरती प्रदक्षिणा असते, वळावं लागत नाही, असंही त्यांनी सुचवलं. मी म्हणालो, आमच्या घराण्यात गुडघ्यापायी देव बदललेला कोणी नाही. तेव्हा ते म्हणाले, मग निदान मांडी बदला, उद्यापासून खुर्चीवर बसा.

राधाकिशनराव, इतका वेळ हसत लिहिलं, आता खरं सांगतो. मला दुखण्याची भीती नाही. गादी गेली तर दुकानात माझी जागा कोणती, हे मला कळत नाही.

असो. वहिनींना नमस्कार, अंगदला आशीर्वाद.

आपला स्नेही,
शिवलिंगप्पा

ता. क. : एक किरकोळ काम. या आठवड्यात परळीला या. दुकानात शिरल्यावर मी गादीवर बसा म्हणेन, तेव्हा साफ नकार द्या. तुमचाच गुडघा दुखतो म्हणा आणि केदारकडे खुर्ची मागा, जरा मोठ्याने. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे माझा शब्द मोडणार नाही. जाताना ती परत ठेवा म्हणायचं मात्र विसरा.

पुन्हा ता. क. : खुर्ची हातांची मागा. बिनहाताच्या खुर्चीतून मला उठता येत नाही.

*

भाऊजींना मल्लम्माचा नमस्कार. पेटीत टाकायला पत्र माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. खुर्ची दिवाळीतच आलीया, हातांचीच हाय. केदारनं गोदामात ताग्यांमागं चादर घालून ठिवली. मला म्हणला, अप्पांनी मागितल्याबिगर काढायची न्हाई, त्यांना वाटंल मी त्यांना गादीवरनं उठवाया बसलोय. ह्यांना ती चौथ्याच दिवशी घावली. रोज दुपारी माल बघायच्या नावाखाली तासभर तिच्यात बसत्यात, हे पत्रबी तिथंच लिवलंय. तवर केदार गोदामाच्या दारात उभा ऱ्हातो, कुनाला आत जाऊ देत न्हाई. दोघंबी मला बजावत्यात, दुसऱ्याला सांगू नगं म्हणून. तुमी लवकर या. आता पोराचे पाय दुखाया लागलेत.