वान्नेसचे अकरा सेकंद

आल्देरबेक,
बुधवार, रोंडेची सायकल शर्यत झाल्यानंतरचा दहावा दिवस

आदरणीय ओमेर दाजी,

मेदार्दचा नमस्कार. पाय कसा आहे? प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल असं ताई म्हणाली. निघालं तरी त्या पेअरच्या झाडावर एवढ्यात चढू नका; उरलेल्या फांद्या मी छाटून देईन (नक्की देईन असं नाही, पण विचार आहे). ताईचा रक्तदाब, तुमची कबुतरं, तळघरात झिरपणारं पाणी, सगळं आटोक्यात असेल अशी आशा करतो. आपल्या दोन घरांमध्ये एक कुंपण आहे, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण दहा दिवस मी कुंपणापाशी आलो की तुम्हाला कबुतरांचं काही ना काही काम निघतं. कबुतरं इतकी कामाची असतात हे मला माहीत नव्हतं.

दाजी, आपण रस्त्याच्या कडेला उभे राहणारे लोक. आपल्यावर पिढ्यानपिढ्या एक अन्याय होत आला आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. नाटकाला जाणाऱ्याला तीन तास नाटक दिसतं. फुटबॉलला जाणाऱ्याला दीड तास चेंडू दिसतो. आणि आपण? पहाटे उठायचं, घडीची खुर्ची काढायची, एप्रिलच्या वाऱ्यात चार तास नाक पुसत उभं राहायचं, आणि मग शर्यत येते आणि जाते. गेल्या वर्षी ‘पांढरा घोडा’ कॅफेच्या दारात मी घड्याळ लावून मोजलं होतं. पहिल्या सायकलपासून शेवटच्या सायकलपर्यंत अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत आपला वान्नेस कुठे होता, यावर आपल्या चाहत्यांच्या क्लबात जूनपर्यंत वाद चालला. कॅफेवाली मारिएट म्हणत होती की निळा मोजा दिसला.

या अन्यायाविरुद्ध मी फेब्रुवारीच्या सभेत बोललो, हे तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही पहिल्या रांगेत शेंगदाणे सोलत होता. माझं म्हणणं सरळ होतं. सपाट रस्त्यावर शर्यत उडते, चढावर ती चालते. उलेनबेर्गच्या चढावर दगडी रस्त्याने भलेभले माणसाच्या चालीने जातात. तिथे वान्नेस आपल्याला पुरतं एक मिनिट दिसेल. चौदा वर्षं आपण ज्याचे चाहते आहोत, ज्याची ही शेवटची रोंडे, त्याला एकदा तरी डोळे भरून पाहायचं असेल, तर गाव सोडून चढावर गेलं पाहिजे! मी रोमन सिनेटचा दाखला दिला, फ्रेंच क्रांतीचा दिला, मधमाश्यांचाही दिला (मधमाश्यांचा नीट बसला नाही हे कबूल). टाळ्या पडल्या. मग तुम्ही उठलात आणि एवढंच म्हणालात, “मेदार्द, पोराला आईबाप नाहीत, बायको नाही. शेवटच्या वेळी तो आपल्या दारावरून जाणार. आपण दारात नको का?”

रिवाज तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. ज्याच्या गावातून शर्यत जाते, त्याला बाकीचे थोडं पुढे सोडतात. तो उतरतो, घरच्यांना भेटतो आणि पुन्हा त्यांच्यात मिसळतो. पण वान्नेस चौदा वर्षांत एकदाही थांबला नव्हता. तो संघाचा पाणक्या. मागच्या गाडीतून आठ बाटल्या अंगरख्यात खुपसायच्या, पुढे जाऊन वाटायच्या, संघनायकाच्या तोंडावरचा वारा आपल्या छातीवर घ्यायचा आणि शर्यत खरी रंगायच्या आत दमून मागे पडायचं. म्हणून मी तुम्हाला उत्तर दिलं की पाणक्या थांबत नसतो. शिवाय तुम्हाला चुलीजवळचं मांजर म्हटलं. त्याबद्दल मागाहून पाहू. मतदान झालं, सव्वीस विरुद्ध एक. आणि वान्नेसला चढावर आश्चर्याचा धक्का द्यायचा, म्हणून त्याला कोणी काही सांगायचं नाही, असाही ठराव मी मंजूर करून घेतला. (हा ठराव ध्यानात ठेवा.)

रविवारी सकाळी आम्ही निघालो ते तुम्ही पाहिलंच. मारिएटने रोंडेच्या दिवशी कॅफेला कुलूप लावलं. तिच्या आजीच्या वेळेपासून हे घडलं नव्हतं. दारावर चिठ्ठी अडकवली, ‘सगळे बाहेर गेले आहेत’. कुठे ते लिहू नकोस, गुपित आहे, असं मीच तिला बजावलं होतं. तुम्ही बंद दारासमोर बाकावर बसला होता, प्लास्टरचा पाय बिअरच्या रिकाम्या क्रेटवर. ताई बसच्या खिडकीतून ओरडली, “अहो, उन्हात बसू नका!” ऊन नव्हतं. तुम्ही मानही वर केली नाही.

बस फोन्सची. फोन्सला सगळ्या आडवाटा माहीत आहेत असं तो तीस वर्षं सांगतो, आणि आपण कधी तपासलं नव्हतं. शर्यतीसाठी रस्ते बंद होते, म्हणून त्याने बीटच्या शेतातली एक वाट धरली. ती वाट एका गोठ्याच्या मागे संपली. बस वळवताना मागची चाकं चिखलात बसली, ती बसलीच. फोन्स म्हणाला, “आली असती, पण वजन जास्त आहे,” आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. गोठ्याच्या मालकिणीने दारातून विचारलं, “कोणाचा क्लब?” वान्नेसचा, असं आम्ही अभिमानाने सांगितलं. “कोण वान्नेस?” ती म्हणाली आणि दूध काढायला गेली.

तिथून चढापर्यंत तासभर पायी. बारा मीटरचा कापडी फलक, ‘वान्नेस, आल्देरबेक तुझ्याबरोबर’, सहा जणांच्या खांद्यावर. (दफनविधी आहे समजून एका म्हाताऱ्याने टोपी काढली.) चढावर पोचलो तर सगळ्या जागा गेलेल्या. इतर क्लबांचे लोक आदल्या दिवसापासून खुर्च्या बांधून बसलेले. शेवटी फ्रितच्या टपरीशेजारी, जिथून बटाटे तळल्याचा धूर थेट डोळ्यांत येतो, तिथे आम्हाला जागा मिळाली. शेजारच्या क्लबातली एक जाडजूड बाई आमचा फलक वाचून म्हणाली, “हा तो पाणक्या ना? त्याचाही क्लब आहे? उद्या बाटल्यांचाही काढतील!” दाजी, मी तिथेच खोक्यावर चढलो. मी म्हणालो, बाई, जिंकणारा एकटा व्यासपीठावर चढतो, पण तिथवर तो एकटा जात नाही. जगातली प्रत्येक फुलांची माळ कोणाच्या तरी पाठीवरच्या आठ बाटल्यांनी कमावलेली असते, आणि त्या पाठीचं नाव पेपरात येत नाही! म्हणून आम्ही ते बारा मीटर कापडावर लिहून आणलं आहे. त्या बाईने आपल्या फ्रितमधल्या चार मला दिल्या. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं भाषण असावं. ते मी चुकीच्या जागी उभं राहून केलं, एवढाच त्यात दोष.

कारण टपरीवाल्या बाईने तेवढ्यात हाक मारली, “अहो आल्देरबेकवाले, तुमचं गाव टीव्हीत दाखवतायत!”

टपरीच्या फळीवर छोटा टीव्ही होता. आम्ही सत्तावीस माणसं त्याच्यासमोर दाटलो. (तुम्ही नव्हता, पण कोंबड्यांना दाणे टाकून शेवटच्या क्षणी आलेला चर्चचा सेवक होता.) पडद्यावर आपला चौक. आपला चर्चचा मनोरा. आणि सगळ्यांच्या पुढे, एकटा, निळ्या मोज्यांत, वान्नेस. बाकीच्यांनी त्याला सोडलं होतं. तो हात सोडून अंगरखा सारखा करत होता, फोटोला उभा राहणाऱ्यासारखा. कॅफेपाशी त्याने सायकल थांबवली. दाराकडे पाहिलं. चिठ्ठी वाचली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तुमच्याकडे पाहिलं.

टीव्हीवरचा बोलणारा गृहस्थ म्हणाला, “हा हृद्य क्षण पाहा. वान्नेस आपल्या एकमेव चाहत्याला भेटतो आहे.”

मारिएट किल्ल्यांचा जुडगा हातात घट्ट धरून होती. पडद्यावर तो तुमच्यासमोर वाकला. तुम्ही काहीतरी म्हणालात. त्याने काहीतरी विचारलं. तुम्ही पुन्हा काहीतरी म्हणालात, बरंच लांब, आणि हात कुठेतरी दाखवलात. मग त्याने डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं, आतली कापडी टोपी तुमच्या डोक्यावर ठेवली, तुमच्या प्लास्टरवर थाप मारली आणि निघाला. ताई एवढ्या मोठ्याने ओरडली, “तो माझा नवरा आहे! माझा!” की पलीकडच्या क्लबाने टाळ्या वाजवल्या. एकतीस वर्षांच्या संसारात तिने हे वाक्य या सुरात म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मी घड्याळ पाहिलं होतं. चाळीस सेकंद.

दोन तासांनी शर्यत उलेनबेर्गवर आली. माझा हिशोब बरोबर निघाला हे इथे नमूद करतो: ते खरोखर माणसाच्या चालीने गेले. प्रत्येक चेहरा दिसला. वान्नेसचा त्यांत नव्हता. मागून आलेल्या दुसऱ्या घोळक्यात नव्हता, तिसऱ्यात नव्हता. त्याचा गुडघा मार्चपासून दुखत होता, तेव्हा जेवणाच्या थांब्यावर उतरून तो गाडीत बसला असणार असं मी जाहीर केलं. पाणक्यांचं तसंच होतं. आम्ही गोठ्याकडे परतलो, आणि चाकांखाली घालायला काहीच मिळेना, म्हणून फलक घातला. चांगलं जाड कापड होतं. बस निघाली.

हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाही. चढाचा निर्णय तत्त्वतः योग्य होता, आणि पुढच्या सभेत कोणी विषय काढला तर मी तसं सिद्ध करून दाखवीन. पण गावात आता कोणी माझं भाषण ऐकत नाही. सगळे तुमच्याकडे पाहतात. तुम्ही ती टोपी घालून कबुतरांना दाणे टाकता आणि काय बोलणं झालं असं विचारलं की म्हणता, “हवेबद्दल.” वान्नेस कालव्याकाठच्या त्याच्या घरात आहे, पण दार उघडत नाही. शनिवारी त्याच्या निरोपाचं जेवण आहे. मी त्याला तीन पत्रं लिहिली (दुसरं अकरा पानी होतं). उत्तर नाही.

ताईला नमस्कार. पायाची काळजी घ्या.

तुमचा मेहुणा,
मेदार्द

ता. क. ताईची अंड्यांची टोपली चढावरच राहिली होती. टपरीवाल्या बाईला ती सापडली. तिने काल मारिएटला फोन केला. टोपली सुखरूप आहे. अंडी संपली.

आणखी एक. ती बाई फोनवर जे बोलली ते मारिएटने फक्त मला सांगितलं. आम्ही निघाल्यावर वीस मिनिटांनी, टपरी आवरताना, खालून एकटा सायकलवाला आला. त्याच्या मागोमाग मागे पडलेल्यांना गोळा करणारी झाडूवाली गाडी. गाडीतला माणूस म्हणत होता, “बस रे आता, कोणी नाही बघायला.” तो बसेना. एका पायाने पेडल मारत होता. टपरीपाशी आला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि बाईला विचारलं, “इथे आल्देरबेकचे लोक होते ना? मोठा फलक घेऊन?” बाई म्हणाली, “आत्ताच गेले.” तो म्हणाला, “बरं,” आणि चढत राहिला. तेव्हा त्याचं नाव आमच्या खांद्यांवरून बसच्या चाकांकडे निघालं होतं.

शेवटचं. दाजी, तुम्ही हात कुठे दाखवलात ते मला आता कळलं आहे. तुम्ही त्याला सांगितलंत की ते सगळे तुझ्यासाठी चढावर उभे आहेत. तुम्हाला त्या क्षणी माझी फजिती करता आली असती, आणि मी तुमच्या जागी असतो तर केली असती. तुम्ही आमची बाजू घेतलीत, आणि तुमच्या शब्दावर तो त्या गुडघ्यानिशी वर आला. मांजराबद्दल मी माफी मागतो. हिशोबाबद्दलही.

आता एकच करा. कुबडी घ्या, ती टोपी घाला आणि उद्याच्या उद्या कालव्याकाठी जा. तुम्हाला तो दार उघडेल. जेवणाला ये म्हणू नका. सांगा की शनिवारी संध्याकाळी पाच वाजता फक्त एकदा सायकलवरून कॅफेच्या दारावरून जा. आम्ही सगळे दारात असू, चार तास आधीपासून. थांबायची गरज नाही. अकरा सेकंद पुरेत.