कलम सत्तर आणि झेंडूचा हार

२५ सप्टेंबर
ऑर्डर आली. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधले कॉम्प्युटर आयटी कायद्याच्या कलम ७० खाली 'संरक्षित प्रणाली' झाले. अर्ध्या इंदूरचे पंप त्यांच्यावर चालतात. परवानगीशिवाय आत शिरणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. नोडल, म्हणजे जबाबदार, अधिकारी मी. संकल्प: रविवारपर्यंत तो अख्खा कायदा वाचणे. पासवर्ड इतका कडक ठेवला की मलाच आठवेना. चिठ्ठीवर लिहून स्क्रीनखाली चिकटवलाय. तिथे बाहेरचं कोण येतंय.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
यंत्रांची पूजा. मुख्य कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूचा हार. शेजारी मी. आमची ऑपरेटर निधी हिने फोटो काढला, मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. नंदूकाकांनी इंदुरी थाटात लिहिलं, भिया, शहराचं पाणी सेफ हातात आहे. बरं वाटलं. कायदा उघडला नाही. सण आहे.

३ ऑक्टोबर, सकाळी ११
रात्री सिस्टिममध्ये कोणीतरी शिरलं होतं, माझ्या नावाने. एक पंप बंद करून पुन्हा चालू केला. मी घरी घोरत होतो, सरला साक्ष देईल. बायकोची साक्ष चालते का, बघायला हवं.
निधीने तो फोटो मोठा करून दाखवला. हाराखाली चिठ्ठी स्वच्छ वाचता येते. म्हणाली, सर, पहले पासवर्ड तर बदलून टाका, आणि सहा तासांत दिल्लीच्या सायबर ऑफिसला रिपोर्ट करावं लागतं. म्हटलं, घाईत निर्णय घेणं माझ्या स्वभावात नाही.

दुपारी १
फोटो डिलीट केला. घाईत 'डिलीट फॉर मी' दाबलं गेलं. आता तो मला सोडून सगळ्यांना दिसतो.

दुपारी ३
कळवलं तर चिठ्ठीचं विचारणार. नाही कळवलं तर तोही गुन्हा. खजरान्याच्या गणपतीला जाऊन येतो.

संध्याकाळी
देवळामागे भिंतीवर नवसाचं उलटं स्वस्तिक काढलं. गर्दी फार. सहा तासांची मुदत रांगेतच संपली. आता उशीर झालाच आहे, तर उद्या शांतपणे बघू.

४ ऑक्टोबर
रात्री पुन्हा कोणीतरी आत आलं. या वेळी चार पंप बंद. सकाळी अर्ध्या शहराचे नळ कोरडे. निधीने कालच वेळेत रिपोर्ट पाठवला होता, मला न विचारता. भोपाळहून साहेबांचा फोन: पासवर्ड कब बदला? मी कलम ७० समजावून सांगू लागलो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. शेवटी त्यांच्या सांगण्यावरून निधीने बदलला. मला नवा सांगितलेला नाही.

६ ऑक्टोबर
सायबर सेलची नोटीस. दोन्ही रात्री आत शिरलेलं नाव एकच, माझं. कायदा उघडला. शिक्षेच्या पानापुढे जाववेना.
सरलाने विचारलं, जयेशला फोन लावू का. तिचा भाऊ, वकील आहे. म्हटलं, काही गरज नाही, हा विषय माझ्याइतका इथे कोणाला कळतो. ती पोळ्या करायला आत गेली.
थोड्या वेळाने मीच स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, लाव.