पदराखालचं पिस्तूल

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला बसले तर आधी तुमची शिट्टीच ऐकू येते. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायच्या आणि शनिवारी एन.सी.सी.ची परेड घ्यायच्या. मी लग्न होऊन लखनौला आले ती इथलीच झाले. अलीगंजमध्ये घर आहे, हे बँकेतून रिटायर झालेत. सकाळी देव, मग स्वयंपाक, दुपारी घरखर्चाचा हिशेब, असं माझं चाललेलं असतं. आज तुम्हाला लिहायला बसले त्याचं कारण ऐकलंत तर खुर्चीत सरळ होऊन बसाल. गेला महिनाभर मी पिस्तूल घ्यावं की नाही याचा विचार करतेय. लहानसं, बत्तीस बोअरचं, साडीत लपेल असं. याबाबतीत सल्ला विचारावा असं माणूस मला जन्मात एकच भेटलं, ते तुम्ही.

कशासाठी ते सांगते. यांनी मलिहाबादला दशहरी आंब्यांची छोटी बाग घेतली. बँकेत जन्म काढलेला हा माणूस तिथे झाडांच्या बुंध्यावर हात फिरवत हिंडायचा आणि घरी आला की कोणत्या झाडाला काय झालंय ते जेवणभर सांगायचा. मागच्या हंगामात आम्ही दोघं संध्याकाळी स्कूटरवरून परतत होतो. वाटेत दोघांनी मोटरसायकल आडवी घातली, आंब्याच्या पैशांची पिशवी घेतली, स्कूटरची किल्ली शेतात भिरकावली आणि गेले. इजा झाली नाही, देवाची कृपा. पण हे तेव्हापासून बागेत गेले नाहीत. यंदा मोहर आला तरी नाही. टीव्हीसमोर बसायचे, बातम्या संपल्या तरी उठायचे नाहीत, आणि एक दिवस म्हणाले, ‘‘विकून टाकू या बाग.’’ शेजारच्या भाभींना मी हे सांगितलं तर त्या भेंडी चिरता चिरता म्हणाल्या, ‘‘अरे भाभीजी, एक छोटी-सी रख लीजिए. पर्स में आ जाती है. हमारे मायके में तो सबके पास है.’’ जशी काही लिपस्टिक.

यांचा उजवा हात थरथरतो, म्हणून लाइसेन्स माझ्या नावानं काढायचं ठरलं. अर्जात कोणतं शस्त्र हवं ते लिहावं लागतं, तेव्हा आधी बघून तरी घेऊ म्हणून आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर मखमल पसरली आणि तळहाताएवढं काळं पिस्तूल ठेवलं. ‘‘लीजिए माताजी, फूल जैसी है.’’ मी हात लावला नाही. म्हटलं, ‘‘पहले खाली करके दिखाइए.’’ तो हसला. ‘‘खाली ही है माताजी.’’ ‘‘वह तो आपने कहा. मैंने कहाँ देखा?’’ मग त्यानं मॅगझिन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून आतली रिकामी जागा दाखवली. मी उचललं ते नळी जमिनीकडे आणि बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. माझं मलाच कळलं नाही. दुकानदार म्हणाला, ‘‘किसने सिखाया आपको?’’ मी म्हटलं, ‘‘हमारी भूगोल की टीचर ने.’’ हे माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मला बघायला नव्यानं आलेत.

आणि मग काय, मी अकोल्याच्या मैदानावर. पालथी पडलेली आहे, बावीस बोअरची लांब रायफल खांद्याला लावलीय, कोपरं खरचटलीत. तुम्ही घरून शिवून आणलेला गोधडीचा तुकडा माझ्या कोपरांखाली सरकवता. ‘‘श्वास सोड. अर्धा. थांब. आता.’’ गोळी मधोमध लागते आणि मी खिदळते. तुम्ही रायफल काढून घेता आणि सगळ्यांदेखत म्हणता, ‘‘बंदूक हातात असताना हसायचं नाही. हसायचं असेल तर आधी ती खाली ठेव.’’ उरलेला दिवस मी लिंबाखाली बसून काढला आणि तुम्हाला मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. मॅट्रिकनंतर माझं लग्न ठरलं तेव्हा तोच गोधडीचा तुकडा तुम्ही मला दिलात. ‘‘देवापुढे बसायला घे.’’ विरेपर्यंत बसले त्याच्यावर.

तर बाई, मी जमा आणि नावे असे दोन रकाने मनात मांडले. जमेला काय? गोळी लहान, म्हणून धक्का कमी, माझ्या मनगटाला झेपेल. चपटं आहे, रिव्हॉल्व्हरसारखं कमरेला फुगत नाही. नावेला काय? स्लाइडची स्प्रिंग इतकी ताठ की लोणच्याच्या बरणीचं झाकण परवडलं. नळी आखूड, नेम धरायला जागाच नाही. दुकानदार खरं बोलला, ‘‘माताजी, यह दूर के लिए नहीं है. बस सामने वाले के लिए.’’ सामने वाला म्हणजे नाकासमोरचा, ज्याच्या डोळ्यांत बघावं लागेल तो. आणि मला एक कळेना. आपल्या अष्टभुजेच्या आठही हातांत शस्त्रं असतात, पण एक तरी तिनं पदराखाली लपवलंय का? जे दिसत नाही त्याला घाबरणार कोण? आणि बाहेर काढायचं तर किती वेळ लागणार?

हे शेवटचं मात्र घरी करून बघण्यासारखं होतं. फुकट होतं. जुन्या उशीच्या अभ्र्याची पिस्तुलाच्या आकाराची पिशवी शिवली, गोळ्या भरलेल्या पिस्तुलाच्या वजनाची हरभऱ्याची डाळ तिच्यात घातली आणि परकराच्या आत कप्पा करून अडकवली. तशीच देवळात जाऊन आले, बाजारात जाऊन आले. वाकलं की पोटाला टोचतं, स्कूटरवर बसलं की मांडीकडे सरकतं. मग एका संध्याकाळी यांना म्हटलं, ‘‘अहो, तुम्ही चोर व्हा.’’

‘‘मीच का?’’

‘‘घरात दुसरं कोण आहे?’’

हे हेल्मेट घालून बैठकीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘पैसे द्या.’’

‘‘असं का कुणी म्हणतं? ते काय म्हणाले होते?’’

लुटलं तेव्हा जाणाऱ्या ट्रकच्या आवाजात मला काही ऐकू आलं नव्हतं, आणि यांनी इतक्या महिन्यांत सांगितलं नव्हतं. मग हेल्मेटच्या आतून एकदम जोरात आलं, ‘‘ए बुढ़ऊ, चाबी दे! हीरो मत बन!’’ मी दचकलेच. पदर बाजूला केला तर तो पिनेला अडकला. पिन काढली तर पिशवी परकराच्या नाडीत गुंतली.

‘‘थांबा हं, जरा थांबा.’’

‘‘जल्दी कीजिए माताजी,’’ हे म्हणाले, ‘‘हमें और भी जगह जाना है.’’

मी जोर लावून ओढली, शिवण उसवली आणि सगळी डाळ फरशीवर. हे हेल्मेटसकट खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मी पण. डाळ वेचता वेचता म्हणाले, ‘‘बुढ़ऊ! मला बुढ़ऊ म्हणाला तो. अजून शिडीवर चढतो मी.’’ त्या रस्त्यावर ते किल्लीपेक्षा जास्त काय हरवून आले होते, ते मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी माझी पूजा चालू असतानाच हे दारात आले. पायात बूट. ‘‘बागेत चाललोय. येतेस?’’ देवाला नुसतं हळदकुंकू वाहून उठले. आता आम्ही सकाळी जातो, उन्हं कलायच्या आत परततो, व्यापारी पैसे फोनवर पाठवतो. झाडं लगडलीत बाई. हे एकेकाची चौकशी करत हिंडतात, मजुरांवर ओरडतात, आणि जेवताना इतकं बोलतात की माझी भाकरी गार होते.

हे पत्र पेटीत टाकायचंच नाही, म्हणून पाकीटही आणलं नाही, तेवढीच बचत. पण एक सांगायचं राहिलं. लपवायचं शस्त्र माझ्या कामाचं नाही हे ठरलं, आणि यांनीही म्हटलं की तो विषय आता सोडून दे. तरी काल देवळातून येताना मी एकटी त्या दुकानात गेले. म्हटलं, ‘‘भैया, वह छोटी वाली रहने दीजिए. बाइस बोर की राइफल दिखाइए, लंबी नली की.’’ यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन तेव्हा बागेच्या राखणीसाठी म्हणून सांगेन. खरं तर, बाई, मला नेम धरायचाय.