चार बोटं खाली

बाबा,

तुम्ही पाटकरी असताना कालव्याच्या दारापाशी ठोकलेली मोजपट्टी आज मी उचकटली. ती चार बोटं खाली होती, म्हणून पाणी असायचं त्यापेक्षा जास्त दिसायचं.

अकरा वर्षं मी तिच्याच भरवशावर तक्रारी निकाली काढल्या. खालच्या गावातली म्हातारी दर उन्हाळ्यात माझ्या पाटबंधारे ऑफिसात यायची, म्हणायची, "बाई, पाणी पोचतच नाही गं." मी तिच्यापुढे रजिस्टर आपटायचे. "पट्टी खोटं बोलत नाही," हे तुमचंच वाक्य तिला ऐकवायचे.

वाटलं, तुमची नजरचूक असेल. पण पट्टीमागे खिळ्यांची जुनी भोकं निघाली, बरोबर चार बोटं वर, सिमेंटनं बुजवून गुळगुळीत केलेली. इतकं नीटस काम तुमच्याशिवाय कोण करणार? आणि आपलं शेत दाराच्या वरच्या अंगाला; खाली न पोचलेलं पाणी तिथेच वळत होतं.

संध्याकाळी फोनवर "दमलीस का गं?" म्हणालात. मी "हो" एवढंच म्हटलं.

उद्या म्हातारीच्या तक्रारीवरच्या सुनावणीत पट्टी सरकवलेली होती, हे सांगणार आहे. कुणी सरकवली, असं म्हातारीनं विचारलं तर काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

चार बोटं पाण्यावर इंजिनिअर झालेली,
तुमची लेक