बिनभोकाचं बटण

सोमवार, १८ जून १९७९
एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला हवा तो स्पेशल विषय मिळाला. अणुविज्ञान आणि किरणोत्सर्ग तंत्र. अख्ख्या विद्यापीठात आम्ही पाचच. चार मुलगे आणि जयसिंगपूरहून रोज एस.टी.नं येणारी लीला चौगुले. तात्या हायस्कुलात संस्कृत शिकवतात. त्यांनी विचारलं, हे घेऊन पुढं काय. म्हटलं, तुर्भ्याचं अणुकेंद्र. शास्त्रज्ञ. माई म्हणाली, त्यानं केस जातात म्हणे. मी हसलो.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे, जर्मन शिकणे. आणि 'भीती' हा शब्द या वहीत येणार नाही.
आला. पण तो केवळ उल्लेख म्हणून.

बुधवार, ११ जुलै
स्कायलॅब आज पडणार. अमेरिकेची आकाशातली प्रयोगशाळा, शेकडो तुकडे होऊन, कुठंही. पेठेत सगळे गर्भगळीत. बोळाच्या तोंडाशी उभं राहून लोकांना शास्त्रीय दृष्टीनं समजावलं की डोक्यात पडण्याची शक्यता नगण्य आहे. लोकांना पटलं.
दुपारभर जिन्याखाली बसून वाचन केलं. तिथं शांत असतं. श्यामलानं विचारलं, दादा, डोक्यावर पाट कशाला? धाकट्या बहिणींना सगळंच सांगायचं नसतं.

गुरुवार, १२ जुलै
ऑस्ट्रेलियात पडलं. मी म्हटलंच होतं.

शुक्रवार, २० जुलै
आज प्रत्यक्ष किरणोत्सारी पदार्थ पाहिला. व्हरांड्याच्या टोकाला खोली, दारावर पिवळी पाटी, त्यावर तीन पाकळ्यांची खूण. आत शिशाचं जाड भांडं, लोणच्याच्या बरणीएवढं. त्यात शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या. तीन नंबरची सीझियमची. आकाराम खोत सर आमचे प्रमुख. बोलतात कमी, बघतात जास्त. ते म्हणाले, या शिकवण्यापुरत्या चकत्या आहेत, अगदी दुबळ्या. तरी नियम पाळायचे : वेळ थोडा, अंतर जास्त, मध्ये आडोसा. त्यातला अंतराचा नियम मला फार मूलभूत वाटला. सगळं लेक्चर मी दारातून ऐकलं.
खोलीची किल्ली सयाजीकडं असते. उचगावचा, लॅबमध्ये अटेंडंट. घरी दोन म्हशी. त्या खोलीत अनवाणी फिरतो! मला म्हणाला, "आत या की पावणं. चावत न्हाय ते."
अज्ञानात सुख असतं ते असं.

मंगळवार, १४ ऑगस्ट
प्रॅक्टिकलला जोडी लीला चौगुलेबरोबर. कामाची वाटणी आपोआप झाली. ती चिमट्यानं चकती किरण मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवते, मी आकडे लिहितो. ती म्हणाली, मिस्टर हुपरीकर, आज तुम्ही ठेवा की. मी म्हटलं, अचूक नोंद हाच विज्ञानाचा कणा आहे. तिनं चिमटा उचलला. पटलं असावं.
काउंटर टकटकतो. एक टक म्हणजे एक किरण. घरी येऊन झोपलो तरी कानात टकटक. नाडी मोजली. एकशेआठ. सायकल चालवल्यामुळं.

सोमवार, १० सप्टेंबर
अंगावर किती किरण पडले ते कळावं म्हणून छातीला लावायच्या फिल्म बॅजचा रिपोर्ट मुंबईहून आला. सगळ्यांचा डोस शून्य. माझाही शून्य! हे संशयास्पद आहे. कंगव्यात आज सात केस. काल पाच होते. तात्यांना तिशीतच टक्कल पडलं, पण तो वेगळा विषय.
खबरदारी म्हणून बॅटरीवाल्याकडून शिशाचा पत्रा आणला आणि कापून कंबरेखाली, आतून, बांधला. भावी पिढीचा विचार करावा लागतो. सायकलवर मात्र बसता येत नाही. विद्यापीठापर्यंत चालत गेलो. चालणं प्रकृतीला चांगलं.

गुरुवार, ४ ऑक्टोबर
सरांनी जाहीर केलं, आजपासून प्रत्येकानं एकट्यानं चकती हाताळायची.
मी पूर्ण शांत होतो. हात स्थिर होता. चिमटा हलत होता. मोजणी पार पडली. चकती उचलून भांड्यात ठेवायला गेलो आणि ती निसटली. टण् असा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. फरशीवर पाहिलं (दारातून). दिसली नाही. म्हणजे भांड्यातच पडली. वस्तू खाली पडते आणि भांडं खालीच होतं. यात वादाला जागाच नाही. झाकण लावलं. रजिस्टरात लिहिलं, 'चकती क्र. ३ परत ठेवली', आणि सही ठोकली. सयाजीनं कुलूप लावलं.
घरी आल्यावर अंघोळ तीनदा. अंगावरची पॅंट, नवी बेलबॉटम, खाली चांगली चार बोटं दुमड असलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. केवळ तत्त्व म्हणून.

सोमवार, ८ ऑक्टोबर
सरांनी भांडं उघडलं. तीन नंबर नाही.
मी आवाज ठाम ठेवला. म्हटलं, सर, मी ठेवली, सही आहे. सरांनी सही पाहिली. मग विचारलं, झाकण लावल्यावर किल्ली कुणाकडं होती? मी कुणाचंही नाव घेतलं नाही, हे इथं नमूद करतो. फक्त सगळ्यांनी सयाजीकडं पाहिलं तेव्हा मीही पाहिलं.
सयाजी म्हणाला, "मी कशाला घीन सायेब? मला काय करायची ती?"
सर म्हणाले, चकती दुबळी असली तरी हरवून चालत नाही, वर कळवावं लागतं. खोली पिंजून काढली. केरसुणीसुद्धा काउंटरखाली धरली. नाही.
भांड्यात नाही, खोलीत नाही. मग आहे कुठं? माझ्या पोटात तर गेली नाही ना? तोंड उघडं होतं का त्या वेळी? आठवत नाही.

बुधवार, १० ऑक्टोबर
जीपनं उचगावला. सर, ऑफिसातला एक क्लार्क, लीला चौगुले आणि मी. हातातला काउंटर घेऊन सयाजीचं घर तपासलं. बाज, कणगी, चूल, गोठा. काउंटर कुठंही नेला तरी थोडा टकटकतोच, ते नैसर्गिक आहे. पण दारात जमलेल्या गावाला ते कोण सांगणार? प्रत्येक टकटकीला माणसं एक पाऊल मागं सरकत होती. सयाजीची बायको बायडाबाई पदर खोचून उभी होती. तिनं विचारलं, "काय हुडकतायसा माझ्या घरात?" क्लार्क म्हणाला, "अणू."
त्या एका शब्दानं घात केला. हा क्लार्कचा दोष.
काही सापडलं नाही. सयाजी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. बरं वाटलं. नंतर बरं वाटेना.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर
चौकशी संपेपर्यंत सयाजीला घरी बसवलं. लीला चौगुलेनं बातमी आणली : गावच्या दूध संस्थेनं त्याचं दूध बंद केलं. लोक म्हणतात, सयाजीच्या गोठ्यात अणुबॉम्ब होता, दुधात उतरलाय. शेजारीण विस्तवसुद्धा नेत नाही. बायडाबाई सकाळ-संध्याकाळ दूध उकिरड्यावर ओतते.
हे सांगताना लीला चौगुले माझ्याकडंच पाहत होती. मी म्हटलं, अंधश्रद्धा! ती म्हणाली, चकती पडली होती का हो तुमच्या हातून? म्हटलं, सही आहे.
जेवण गेलं नाही. नीट विचार केला. मी बोललो तर मला काढून टाकतील, तात्या गल्लीत मान वर करू शकणार नाहीत. सयाजीचं काय, शेतकरी माणसं खंबीर असतात. तरीही ठरवलं. उद्या सकाळी साडेदहाला सरांना सगळं सांगणार. अढळ निश्चय.

शनिवार, १३ ऑक्टोबर
दुसरा शनिवार. सुट्टी.

सोमवार, १५ ऑक्टोबर
सरांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. (ढकलून पाहिलं नाही.) दोनदा व्हरांड्यातून फेऱ्या मारल्या. निश्चय कायम आहे.

मंगळवार, १६ ऑक्टोबर
जे घडलं ते क्रमानं लिहितो.
सकाळी दहाला माई शिवणाचा डबा घेऊन बसली होती. म्हणाली, "हल्ली बटणं बिनभोकाची करतात का रे?"
दिवाळीच्या झाडलोटीत तिनं माळ्यावरची पॅंट काढली. शुक्रवारी. चांगली नवी पॅंट टाकली म्हणून पुटपुटत झटकली, तर दुमडीतून ते पडलं. तिनं डब्यात ठेवलं. काल श्यामलानं सापशिडी खेळताना सोंगटी म्हणून घेतलं होतं. जिंकली म्हणे.
मी अंगणात होतो. कसा आलो ते आठवत नाही. आत माई त्या डब्यात बोटं घालून सुई शोधत होती, आणि मी अंगणातून ओरडत होतो, माई, हात काढ, हात काढ. आत गेलो नाही. हे लिहिलंच पाहिजे. माईचे हात आत होते आणि मी आत गेलो नाही. शेवटी ती काय झालं बघायला स्वतः बाहेर आली. श्यामलाला तिनंच हाक मारून बाहेर घेतलं.
सायकल हाणत विद्यापीठ गाठलं. (पत्रा वाटेत कुठंतरी काढून फेकला.) सरांना शोधायला हवं होतं. लीला चौगुलेला गाठलं. एवढंच म्हटलं, आमच्या घरी. तिनं काउंटर, चिमटा आणि शिशाची डबी घेतली आणि रिक्षात बसली.
डब्याजवळ काउंटर नेल्यावर टकटक राहिली नाही, तडतड झाली, लाह्या फुटल्यासारखी. तिनं चकती उचलून डबीत टाकली. वीस सेकंदही लागले नसतील. मग माईला म्हणाली, काकू, घाबरू नका, तीन-चार दिवसांत हिच्यानं काही होत नाही, फार दुबळी आहे. माईनं विचारलं, "मग हा अंगणात काय करतोय?"
जाताना लीला चौगुले दारात थांबली. "सरांना तुम्ही सांगणार की मी?"

बुधवार, १७ ऑक्टोबर
चार फुलस्केप भरून निवेदन तयार केलं होतं. सत्य, विज्ञान आणि नैतिक धैर्य यांवर. सरांसमोर उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं : "सर, माझ्या पॅंटीत होती."
सर म्हणाले, पडली तेव्हाच सांगितलं असतंस तर पाच मिनिटांचं काम होतं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढं म्हणाले, तू हा विषय सोड, इलेक्ट्रॉनिक्सला एक जागा आहे, तिथं जा. पण आधी उचगावला जा. ज्या माणसांसमोर सयाजीचं घर तपासलं, त्याच माणसांसमोर बोल. लीलाला बरोबर ने, म्हणजे बोललास की नाही ते मला कळेल.
इलेक्ट्रॉनिक्सची मला पहिल्यापासून आवड होतीच.

गुरुवार, १८ ऑक्टोबर, दुपारी
सकाळी सातला उचगावच्या दूध संस्थेसमोर. तीसेक माणसं, हातात किटल्या. सयाजी आणि बायडाबाई बाजूला, आपली किटली घेऊन. लीला चौगुलेनं त्यांना बोलावून घेतलं होतं.
मी बोललो. चक्क बोललो. चकती इथं कधी आलीच नव्हती, माझ्या हातून पडली, माझ्याच घरी होती, मी खोटं लिहिलं, सयाजीचा यात काडीचा दोष नाही. मध्ये थांबलो नाही. कुणीतरी "आगं आई गं" म्हणालं. सयाजी खाली बघत होता.
संस्थेचे सेक्रेटरी गणपतराव म्हणाले, "म्हंजी सयाजीचं दूध चांगलं हाय म्हंता?"
म्हटलं, शंभर टक्के.
"मग प्या की."
बायडाबाईनं किटलीतलं दूध पेल्यात ओतलं आणि पुढं केलं. धारोष्ण, वर फेस. त्या दुधात काही नाही हे त्या गर्दीत माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. चकती आमच्या शिवणाच्या डब्यात होती. मी स्वतः पाहिली. तडतड स्वतः ऐकली.
हात पुढं गेला नाही.
मला वाटलं, क्षणभरच. लीला चौगुले नंतर म्हणाली, अर्धं मिनिट. तेवढ्यात माणसं पुन्हा मागं सरकू लागली होती. मग तिनंच माझ्यापुढून पेला घेतला, तोंडाला लावला, रिकामा केला आणि ओठांवरचा फेस रुमालानं पुसला. गणपतराव म्हणाले, "ओत रे सयाजी." दूध कॅनमध्ये पडलं. कुणीतरी हसलं, माणसं आपापल्या कामाला लागली. सोमवारपासून सयाजी कामावर.
परत निघताना सयाजी सायकलीपाशी आला. रागावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तो म्हणाला, "एवढं भ्यायलासा, त्ये मला सांगायचं हुतं की. दोघांनी हुडकली असती."
मग म्हणाला, घरी चला, दारात आलेलं माणूस तसंच जाऊ नये. गेलो. लीला चौगुले त्याच्याबरोबर म्हशी बघायला मागं गेली. बायडाबाईनं पेला भरून माझ्या हातात दिला आणि आत वळली. एक घोट घेतला. गोड होतं. दुसरा घेववेना. अंगणात कुणी नव्हतं. उरलेलं कुंपणाच्या मुळाशी हळूच ओतलं, आवाज होणार नाही असं.
वळलो तर बायडाबाई उंबऱ्यात उभी.
तिनं माझ्या हातातला पेला घेतला, हौदापाशी बसली, राखेनं घासला आणि विसळला. परत राख घेतली, परत घासला. मग घरात न नेता तिथंच, गोठ्याच्या भिंतीवर पालथा घालून ठेवला.